माहिती खुली करताना एपीआय धड हवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

बस कुठवर आली, मेट्रो किती वाजता, पाणी कधी बंद, हे सगळे मोबाइलवर कळावे ही पुणेकरांची अपेक्षा रास्त आहे. त्यासाठी प्रत्येक खात्याने स्वतःचे ॲप काढण्याची मात्र गरज नाही. खात्यांनी माहिती एपीआयमधून, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून माहिती मागण्याच्या ठरलेल्या सोयीतून, नीट खुली करावी. ॲप लिहिणारे हात हिंजवडीपासून खराडीपर्यंत आणि इथल्या कॉलेजांत भरपूर आहेत.

हे 'नीट' मात्र कोणी मनावर घेत नाही. बाहेरच्या यंत्रणा जोडून देणे हेच माझे काम. एका सार्वजनिक सेवेच्या एपीआयमध्ये थांब्याचा क्रमांक एका ठिकाणी संख्या म्हणून येतो, तर दुसऱ्या ठिकाणी मजकूर म्हणून. तारीख ०४/०५ अशी येते; एप्रिल समजायचा की मे? मागितलेला थांबा सापडला नाही तरी उत्तराचा कोड २००, म्हणजे सारे ठीक! 'सापडले नाही' यासाठी ४०४ हा कोड कधीपासून ठरलेला आहे. सोबत दिलेली लायब्ररी, म्हणजे जोडणीचा तयार कोड, फक्त जावा या प्रोग्रॅमिंग भाषेची. पायथन किंवा पीएचपी या दुसऱ्या भाषा वापरणाऱ्याने तिचा कोड वाचून सगळे पुन्हा लिहायचे.

यातला सर्वांत घातक प्रकार सहज लक्षात येत नाही. जावामध्ये ६४ बिटांचा, म्हणजे खूप लांबलचक, क्रमांक बिनघोर चालतो. तोच जेसनमधून (एपीआयची माहिती पाठवण्याचा नेहमीचा साचा) संख्या म्हणून पाठवला, की जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमधली भाषा २ च्या ५३व्या घातापुढचे पूर्णांक अचूक धरू शकत नाही. शेवटचे आकडे बदलतात आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. ट्विटरपुढे २०१० मध्ये हाच प्रश्न आला, तेव्हा त्यांनी प्रत्येक क्रमांक मजकूर म्हणूनही द्यायला सुरुवात केली. बसच्या पासच्या क्रमांकांची कोणी बेरीज करत नाही. ते मजकूर म्हणूनच असावेत.

चांगला नमुना तयारच आहे. अमेरिकेतल्या पोर्टलँडची बससेवा आणि गूगल यांनी २००५ च्या सुमारास सुरू केलेला जीटीएफएस हा वेळापत्रकांचा आराखडा म्हणजे झिपमध्ये बांधलेल्या साध्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या) फाइली. कोणत्याही भाषेत वाचता येतात, रकान्यांची नावे सगळ्या शहरांत तीच. मध्यरात्रीनंतर साडेबाराला पोहोचणारी फेरी त्यात २४:३० अशी लिहितात, त्यामुळे ती आदल्या दिवसाच्याच वेळापत्रकात राहते. इतका बारीक विचार तिथे झाला आहे.

आपल्याकडेही केंद्र सरकारच्या २०१५ च्या खुल्या एपीआय धोरणात स्पष्ट म्हटले आहे, की सरकारी एपीआय कोणत्याही प्लॅटफॉर्मवर आणि कोणत्याही प्रोग्रॅमिंग भाषेतून वापरता यावेत आणि मागच्या किमान दोन आवृत्त्यांशी सुसंगत असावेत. हे निविदेत उतरत नाही, तोवर कंत्राटदार आपल्या सोयीचेच देणार.

म्हणून निविदेतच लिहावे: ओपनएपीआय या एपीआयचे वर्णन लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतीने संपूर्ण वर्णन, आयएसओ ८६०१ या मानकाप्रमाणे (आधी वर्ष, मग महिना, मग दिवस) तारखा आणि वेळेसोबत भारतीय वेळेची +०५:३० ही खूण, थांब्यांची नावे युनिकोड देवनागरीत, चुकांचे कोड सगळीकडे एकसारखे. आणि बिल मंजूर करण्याआधी कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या दोघांना, दोन वेगवेगळ्या भाषांत, केवळ ते वर्णन वाचून जोडणी करायला सांगावी. त्यांना फोन करून विचारावे लागले, तर काम अपुरे समजून परत पाठवावे.

आपला,
एक संगणक अभियंता, कोथरूड, पुणे