चतुर्थीच्या चिठ्ठ्या

कुडाळ,
नागपंचमी, 29 जुलै 2025

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, जेलवर आठ दिवसांत सहा रात्रपाळ्या काढल्या, पण जमतंय." ते 'जमतंय' ऐकून आई खूश झाली. मी नाही झालो. 34 वर्षं जेलमध्ये शिपाई असताना मीही घरी हेच सांगत आलो होतो. फोनवर बोलावं तर मधेच तुला कोणीतरी हाक मारतं, आणि खरं सांगायचं तर हे तोंडाने बोलायला मला जमणारही नाही. म्हणून लिहायला बसलो. बाहेर पाऊस धरलाय, लाईट गेलीय, आई पातोळ्यांना हळदीची पानं पुसतेय.

ट्रेनिंगमध्ये तुम्हाला सहा कैद्यांमागे एक शिपाई असं सांगितलं असेल. 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीत तसं आहेच. ऐकायला सोपं, साठ कैदी आणि दहा शिपाई. पण पहाऱ्याच्या मनोऱ्याला रविवार नसतो. आठवड्याचे तास 168, माणूस उभा राहणार 48 तास. म्हणजे एका मनोऱ्याला साडेतीन माणसं झाली. त्यात रजा, आजारपण, कोर्ट-हॉस्पिटलची कामं धरली की चारच्या वर जातात. म्हणजे त्या दहांतले एका वेळी हजर दोन, फार तर अडीच. तेसुद्धा दहाच्या दहा पदं भरलेली असतील तर. देशभर जेलमधली दर 10 पदांमागे साधारण 3 रिकामी आहेत. आणि 2022 च्या सरकारी आकड्यांत 4,36,266 जणांच्या जागेत 5,73,220 कैदी होते. दर चारांतले तीन कच्चे, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे.

आकडे इथेच ठेवतो. तुला मी आत काय होतं ते सांगणार आहे.

माझी जास्त वर्षं ज्या जेलमध्ये गेली त्याचं नाव लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. स्टाफ कमी पडला म्हणून मनोरा कधी रिकामा ठेवला नाही आम्ही, मेन गेटही नाही. तिथली माणसं भरायला दुसरीकडची काढायची. आधी वाचनालय बंद, कारण तिथे बसायला शिपाई नाही. मग सुतारकाम बंद. मग बराक उघडायची सकाळी उशिरा आणि बंद करायची दुपारीच, कारण चाळीस जण अंगणात सोडले तर बघणार कोण. कागदावर याची कुठेच नोंद होत नाही. पण आषाढात तू त्या बराकीत एकदा शिर. चिऱ्याच्या भिंतीला पाझर, दोरीवर चार दिवसांचे ओले कपडे, खिडकीतून पाण्याची झड, आणि माणसाला माणूस लागून झोपलेला. एकाला खरूज झाली की पंधरा दिवसांत सगळी बराक खाजवत बसते. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. तेही चांगले होते बिचारे, पण त्यांच्यासमोर कैदी न्यायलासुद्धा शिपाईच लागतो ना. मग आम्ही म्हणायचो, दहा जणच आणा. त्या दहांत कोण हे बराकीतला दांडगा ठरवायचा.

हे नीट ध्यानात ठेव. शिपाई कमी झाला की त्याची सत्ता कुठे नाहीशी होत नाही, ती आतल्याच कोणाच्या तरी हातात जाते. संडासाजवळ कोण झोपणार, पंख्याखाली कोण, फोनचा नंबर कोणाचा आधी, हे सगळं तो ठरवू लागतो. आम्हालाही ते सोयीचं वाटायचं. बराक शांत आहे असं आम्ही रजिस्टरला लिहायचो. शांत असायचीच ती.

मुलाखतीचं, म्हणजे घरचे कैद्याला भेटायला येतात त्याचं, एक सांगतो. वेंगुर्ल्याकडची एक म्हातारी दोन एसट्या बदलून दर पंधरवड्याला यायची. गेटसमोरच्या आंब्याखाली नऊपासून बसायची, मांडीवर पिशवी. मुलाखतीच्या खिडकीवर शिपाई एकच, नावं लिहून घ्यायची, पिशव्या तपासायच्या, आतून कैदी आणायचा, सगळं त्यानेच. एकदा वेळ संपली आणि तिचा नंबर लागलाच नाही. मीच तिला सांगायला गेलो. ती रडली नाही, भांडलीही नाही. "पोरग्याक सांग, मी येवन गेलंय," एवढंच म्हणाली. रात्री कैद्यांच्या गिनतीच्या गडबडीत तेही सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितोय ते.

तू सहावीत होतीस तेव्हाची चतुर्थी तुला आठवत असेल. मी पाचही दिवस घरी होतो. तुझ्यासोबत गणपतीवरच्या माटवीला कवंडाळाची फळं बांधली, रात्री भजनाला मृदंग घेऊन बसलो. तू अजून म्हणतेस, तसा गणपती परत झाला नाही. ती रजा मला चिठ्ठीत लागली होती. आमचा स्टाफ बहुतेक सगळा कोकणातला, प्रत्येकाच्या घरी गणपती, आणि सोडता येणार जेमतेम सात जण. कोणाला हो म्हणायचं आणि कोणाला नाही, यावरून आदल्या वर्षी हाणामारीची पाळी आली होती. म्हणून साहेबांनी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. माझी निघाली. माझ्या जोडीदाराची नाही निघाली. तो म्हणाला, "तू जा रे, मी बघतंय."

त्या वर्षी आमच्याकडे ट्रॉलरवरचा एक खलाशी होता, नेपाळचा. मे महिन्यात बोटीवर मारामारी झाली त्यात आत आलेला. जामीन झाला होता, पण जामीनदार कोण राहणार? मासेमारीच्या पावसाळी बंदीत बाकीचे खलाशी गावाला निघून गेले, मालक फिरकला नाही. कोर्टाच्या तीन तारखा त्याच्या चुकल्या, कारण न्यायला पोलीस पार्टी मिळाली नाही. तेही तुटपुंजेच, सणाला तर बंदोबस्तालाच पुरत नाहीत. तिसऱ्या तारखेनंतर तो सकाळचा चहा दुसऱ्याला देऊ लागला. मग आपली चांगली चादर देऊन टाकली. मी हे पाहिलं होतं, सायली. दोन बराकी आणि गेटची फेरी एकट्याकडे असताना पाहायचं आणि पुढे चालायचं, अशी सवय लागते.

हरितालिकेच्या दुपारी मी निघालो तेव्हा त्याने गजांतून हाक मारली. "काका, एक बात करनी थी." साडेतीनची एसटी होती. मी म्हटलं, आल्यावर बोलू. त्याने मान हलवली.

दुसऱ्या रात्री माझा जोडीदार तीन बराकी एकटा बघत होता. बाहेर कुठेतरी भजन चालू होतं, आत सगळेच अस्वस्थ. सणाची रात्र जेलमध्ये सगळ्यांत वाईट. त्या खलाशाने जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला. शेजारी झोपलेल्या पोराला जाग आली, तो ओरडला, म्हणून वाचला. पण रात्री बराकीचं कुलूप एकट्या शिपायाने उघडायचं नसतं. अधिकारी यायला, किल्ली यायला, गाडी मिळायला किती वेळ गेला ते चौकशीत मिनिटामिनिटाने लिहिलंय. हॉस्पिटलात सोबत जायला माणूस नव्हता म्हणून जोडीदारच गेला आणि तीन बराकी गेटवरच्या माणसाने बघितल्या. चौकशी लागली ती जोडीदाराला. पदं रिकामी का, याची चौकशी कोणी केली नाही. माणूस चांगला होता, त्यानंतर पिऊ लागला.

मी सहाव्या दिवशी मोदक घेऊन गेलो, डबा गेटवरच राहिला.

2022 मध्ये देशातल्या जेलांत 159 अनैसर्गिक मृत्यू झाले, त्यांतल्या 119 आत्महत्या. 500 कैद्यांमागे एक मानसतज्ज्ञ असावा असा नियम आहे. पावणेसहा लाख कैद्यांना देशभरात मिळून 25 होते. मग त्या खलाशाला काय बोलायचं होतं ते ऐकणार कोण? शिपाईच. आणि शिपायाची साडेतीनची एसटी.

आपल्या घराचंही थोडं लिहितो. आई सांगते, मी झोपेत गिनती म्हणायचो. एकवीस, बावीस म्हणायचो आणि अडकायचो, मग पहिल्यापासून. तू एकदा दप्तर पायरीवर टाकलंस म्हणून मी तुझ्या अंगावर धावून गेलो होतो. त्या दिवशी मी सलग सोळा तासांची ड्युटी करून आलो होतो. हे कारण म्हणून सांगत नाही, पण तुझ्या घरी उद्या असं झालं तर ते कुठून आलं हे तुला ओळखता यावं. बीपीची गोळी मला चाळिशीत लागली, तू तरी आत्तापासून जेवण वेळेवर घे.

तुझ्याकडचा बायकांचा विभाग लहान आहे म्हणतेस. त्याची अडचण वेगळी. तिथे पुरुष शिपाई चालत नाही, म्हणून एक बाई रजेवर गेली की दुसरीला सुटका नाही. कोणा बंदीणीला रात्री कळा आल्या तर नेणार कोण, हे आधीच साहेबांना विचारून ठेव. सहा वर्षांखालची मुलं आईबरोबर असतात, त्यांचं दूध कोण आणतं तेही बघून ठेव. आणखी एक. गेल्या वर्षीच्या 1 जुलैपासून नवीन कायदा आलाय, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479. पहिलाच गुन्हा असेल आणि जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश मुदत आत काढून झाली असेल, तर त्या कच्च्या कैद्याला सोडायला हवं. जन्मठेप-फाशीचे गुन्हे सोडून, आणि एकाहून जास्त केसेस असतील तर नाही. अर्ज कोर्टाला करायचा तो जेल अधीक्षकांनी. पण त्या तारखा काढणार कोण? कारकुनाची जागाही रिकामी असणार. तुझं अक्षर चांगलं आहे, हिशेब चांगला आहे. तुझ्या विभागातल्या बायकांच्या तारखा एका वहीत लिहून काढ आणि साहेबांच्या टेबलावर ठेव. "हे तुझं काम नाही" म्हणतील. म्हणू देत.

जेल सुधारणांसाठी नेमलेल्या मुल्ला समितीने 1983 मध्ये जेलच्या स्टाफबद्दल पानंच्या पानं लिहिली, तेव्हा मी अकरावीत होतो. रिटायर झालो तरी रोस्टर तोच. म्हणून "भरती होईल, मग बघू" असं म्हणत बसू नकोस.

यंदा चतुर्थी 27 ऑगस्टला. रजेचा अर्ज आजच टाक. तुझ्याकडेही चिठ्ठ्या पडणार आणि तुझी निघाली तर खुशाल ये, मागे राहणारीला वाईट वाटेल म्हणून रजा सोडू नकोस. तिला आपल्याकडचे मोदक घेऊन जा. फक्त निघायच्या आधी विभागात एक फेरी मार. कोणी हाक मारली तर थांब, बस खाली, काय म्हणते ते ऐकून घे. एसटी चुकली तर चुकू दे. कितीही वाजले तरी मला फोन कर, मी रिक्षा घेऊन स्टँडवर येतो.

आईने आगळाची बाटली आणि सुके बांगडे पाठवलेत, बाटलीचं बूच सैल आहे, उभी ठेव.

तुझा,
बाबा