चि. निनादला, त्या मखमली डबीतल्या दगडाविषयी

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

फोनवरच सांगितलं असतं, पण तू "बरं, ठीकै" म्हणून दोन मिनिटांत विषय गुंडाळतोस, म्हणून लिहितेय. अमेयच्या लग्नात त्याच दुकानातून अशनी घेतो म्हणालास ना? घेऊ नकोस. पहिल्या पगारातून तू मला आणलास तो दगड अशनी नाही. लोखंडाच्या भट्टीतली मळी आहे.

डबी उघडलीस तेव्हाच मला शंका आली होती. पण गणपतीत घर भरलेलं, मामा येईल त्याला सांगतोय की पोरानं आईसाठी आकाशातला दगड आणला, आणि तू माझ्या तोंडाकडे बघत उभा. मी "वा!" म्हटलं. लोक माझ्याकडे पिशवीतून दगड घेऊन येतात, कुणी वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचा, कुणी गावच्या विहिरीतला. मी चहा थंड व्हायच्या आत त्यांना "नाही" सांगते. त्या दिवशी जीभच रेटली नाही.

प्रमाणपत्रावर ठळक छापलंय, "चुंबकाला चिकटतो". अरे, मळीही चिकटते. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा काळा दगडसुद्धा दोऱ्याला टांगलेलं चुंबक जरासं ओढतो, आणि तो तर इथल्याच लाव्हाचा, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा. चुंबकानं दगड नापास करता येतो, पास नाही. आणि तुझ्या दगडाच्या एका अंगाला मोहरीएवढी छिद्रं आहेत. वितळलेल्या मळीतून वायू निसटला की अशी छिद्रं राहतात. अशनीत ती क्वचितच दिसतात, कारण हवेतून खाली येताना त्याची नुसती साल वितळते, मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ. आतल्या दगडाला त्याचा पत्ताही नसतो.

एवढ्यावर दुसऱ्या कुणाला मी वाटेला लावलं असतं. तुझा दगड मात्र कापायला घेतला, कारण नुसत्या नजरेवर विसंबल्यानं मी एकदा चांगलीच फसलेय.

22 मे 2012 ला भर दुपारी काटोलला दगड पडले ते तुला आठवत असेल. तू बारा वर्षांचा होतास, गुहागरला जायचं ठरलेलं, आणि मी तुला बाबांबरोबर पाठवून नागपूरच्या फोनाफोनीत अडकले. पुढे त्या अशनीचा एक काप माझ्याकडे आला. काप म्हणजे 0.03 मिलिमीटर जाड, काचेवर चिकटवलेला. ध्रुवित प्रकाशात ठेवला की त्यातलं ऑलिव्हीन नावाचं खनिज निळं-गुलाबी-पिवळं पेटतं, पैठणीचा पदर उलगडावा तसं. त्यातून काळ्या बारीक शिरा गेल्या होत्या. मूळ लघुग्रहाला अवकाशात कधीतरी जबर धडक बसली, तिच्या खुणा. मी वहीत लिहिलं, "शिरा – काच", आणि पुढे गेले.

2021 साली आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काटोलच्या तसल्याच शिरांमध्ये ब्रिजमनाइट सापडल्याचं प्रसिद्ध केलं. पृथ्वीत सगळ्यात जास्त असलेलं खनिज हेच, पण ते असतं 660 किलोमीटरच्या खाली, कुणाच्या हाताला न लागणारं. त्याला नाव मिळालं तेही 2014 मध्ये, 1879 साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या टेनहॅम अशनीतल्या कणांवरून. पृथ्वीच्या पोटात जो दाब कायम असतो, तो त्या धडकेनं क्षणभर निर्माण केला होता. कण इतके बारीक की माझ्या सूक्ष्मदर्शकाला ते दिसलेच नसते, हे खरं. पण "काच" लिहिताना मी थांबलेही नव्हते, ते अजून टोचतं.

म्हणून नवरात्रात तुझ्या दगडाचा कोपरा कापला, तुला न विचारता. (यंत्राला रांग असते. तासभर माझ्या घरच्या कामात गेला, हे कुणाला सांगू नकोस.) अशनीत बहुधा असतात तसे धातूचे चकाकते ठिपके आत नाहीत. काच आहे, आणि त्यात पिसासारखे फुटलेले ऑलिव्हीनचे स्फटिक, वितळलेला माल भरभर निवल्यावर होतात तसे. मग इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून रसायन मोजलं. ऑलिव्हीनमध्ये लोह आणि मॅग्नेशियम एकमेकांच्या जागा घेतात. त्यात लोहाचा वाटा किती, यावरून आम्ही साध्या दगडी अशनींची घराणी ओळखतो. शंभरात 16 ते 20 असेल तर एच, 22 ते 26 असेल तर एल, त्याच्या वर साधारण 32 पर्यंत एलएल. काटोल एल घराण्याचा. तुझ्या दगडात आकडा नव्वदीच्या पुढे गेला. अशनीतल्या लोखंडात निकेल असतंच, म्हणून तेही शोधलं, नावाला नाही. मोजणी तीनदा केली. तिसऱ्यांदा का केली ते विचारू नकोस.

तर अमेयला मिक्सर दे. लोखंडी अशनी खरा मिळाला तरी मुंबईच्या पावसाळ्यात त्याला गंज चढतो. माझ्याकडचे तुकडे मी सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवते, तुझ्या बुटांच्या खोक्यांतल्या पुड्यासुद्धा त्यात आहेत. दुकानदाराला कळवायचं असेल तर आकड्यांचा कागद पाठवते. पैसे परत देतो म्हणाला तरी दगड मात्र परत करणार नाही, तो माझा आहे.

तो टीव्हीशेजारीच आहे, मखमलीवर. कापलेली बाजू भिंतीकडे केलीय, कारण मामा रविवारी येतो.

तुझी,
आई