विषय : सात नंबरची नाल्यातली भिंत (अर्ज चौथा)

प्रति,
मा. अध्यक्षसाहेब,
आपली गृहनिर्माण संस्था,
देवपूर, धुळे

महोदय,

आधीच्या तीन अर्जांना उत्तर नाही. गेल्या सभेत मात्र त्यांतले समुद्रकिनाऱ्याचे दाखले काढून आपण म्हणालात, "सर, धुळ्यात समुद्र कुठून आणला?" सगळे हसले. मीही हसलो. भूगोलाच्या मास्तराला सवय असते.

समुद्र मी आणलेला नाही. सात नंबरच्या नानांनी संरक्षक भिंत नाल्यात चार फूट पुढे घेतली, तेव्हापासून पाणी तिच्यावर आपटून थेट माझ्या कंपाउंडवर येतं. पुदुच्चेरीत हेच झालं. १९८९ साली बंदरासाठी समुद्रात बांध घातले. उत्तरेकडे सरकणारी वाळू दक्षिणेला अडकली आणि शहरापुढची चौपाटी वाहून गेली. बांध एकाचा, खड्डा दुसऱ्याच्या दारात.

त्यात नाना नाल्यातली वाळू उपसून गच्चीचं काम करतात. तळ खोल गेला की काठ ढासळतो. शिवाय ही वाळू पांझरेतून तापीत, तापीतून समुद्राला जायची असते. उकाईच्या धरणात १९७२ पासून ती अडतेच आहे, उरलेली आपण ट्रॅक्टरने नेतो. किनाऱ्याला वाळू मिळाली नाही तर तो झिजणारच. (नानांच्या गच्चीमुळे सुरत बुडेल असं मी म्हटलेलं नाही. इतिवृत्तात तसं लिहिलंय, ते खोडावं.)

कंपाउंडपुढे टाकायला आपण सुचवलेलं राबीट (दगड-विटांचा राडारोडा) नको. किनाऱ्यावर दगडी भिंत घातली की लाट परत जाताना पायथ्याचीच वाळू ओढून नेते. माझ्या दोन ट्रॉल्या राबीट पहिल्याच पुरात गेलं. पैसे माझे होते.

परवानगीशिवाय बांधकाम करू नये, असं उपविधी सांगतात. कंपाउंडची दुरुस्तीही संस्थेकडेच आहे. माझ्या मेन्टेनन्सच्या थकबाकीचा विषय वेगळा, तो इथे काढू नये. पाच नंबरच्या काकू आणि नऊ नंबरचे आप्पा माझ्याच मताचे आहेत. सही करत नाहीत, कारण नानांकडे भरीत-पार्टीला जावं लागतं. त्या पार्टीचा धूर माझ्या खिडकीत येतो, हे २०१९ पासून सांगतोय. असो.

भिंत मागे घ्यायला लावा. ते जमत नसेल तर पुढची मासिक सभा माझ्या परसात भरवा. चहा माझ्याकडून. अध्यक्षांची खुर्ची नाल्याच्या बाजूला ठेवीन.

आपला,
आठ नंबर