वकीलसाहेब, तुमच्या पाच रुपयांच्या पावत्या जपून ठेवल्यात

आदरणीय वकीलसाहेब,
सादर नमस्कार.

तुमच्या शोकसभेत मोठमोठी माणसं बोलली. नगरपालिकेतली तुमची वर्षं, वाचनालयाची इमारत, औरंगाबादला खंडपीठ व्हावं म्हणून तरुणपणी काढलेले मोर्चे, सगळं निघालं. 27 ऑगस्ट 1981 ला खंडपीठ सुरू झालं आणि त्याआधी हायकोर्टासाठी आपल्या शेतकऱ्याला मुंबई गाठावी लागायची, हे कितीतरी पोरांना तिथंच कळलं. मलाही बोलायचं होतं. माइकपर्यंत जायचं धाडस झालं नाही, म्हणून हे पत्र.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. पहाटे चार वाजायच्या आत किल्लारीजवळचं आमचं गाव गेलं. माळवदाची घरं, दगडमातीच्या जाड भिंती. आतला माणूस वाचणार कसा? आई, बाबा, धाकटा भाऊ गेले. आज्जी आणि नऊ वर्षांची मी अंगणात बाजेवर झोपलो होतो म्हणून राहिलो.

पत्र्याच्या शेडमध्ये राहायला लागलो तेव्हा भावकीतल्या एकाने आज्जीला सांगितलं, "पोरगीच तर आहे, कागदावर अंगठा दे, शेताचं मी बघतो." आज्जी तो कागद पदरात बांधून तुमच्याकडे आली. कडुनिंबाखाली घडीचं टेबल आणि टाइपरायटर घेऊन तुम्ही भूकंपग्रस्तांचे वारसाचे अर्ज लिहीत होता. कागद वाचून तुम्ही बराच वेळ गप्प बसलात. मग म्हणालात, "आज्जी, रडूलालीस कशाला? अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या लेकराची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय कुणाला विकता येत नाही. अंगठा कुठंच द्यायचा नाही."

वारस म्हणून माझं नाव जमिनीला लावायच्या फेरफारावर हरकत आली, प्रकरण तक्रारी झालं, तारखा पडल्या. प्रत्येक तारखेला तुम्ही हजर. पुनर्वसनाचं घरही त्याच कागदावर अडलेलं. जमीन किती, त्यावर घर ठरायचं: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत 250 चौरस फूट, पुढे सात हेक्टरपर्यंत 450, त्याहून जास्त असेल तर 750. आमची पाच एकर. नाव लागलं नसतं तर आम्ही दोघी भूमिहीनांच्या यादीत गेलो असतो.

नाव लागलं. पण सातबाराच्या नकलेत माझ्या नावाची वेलांटी चुकलेली होती. आज्जी म्हणाली, "राहू द्या साहेब, एवढ्यानं काय होतंय?" तुम्ही ऐकलं नाही. मला समोर बसवून पाटीवर पूर्ण नाव लिहायला लावलंत, बाबांच्या नावासकट, आणि तसंच्या तसं दुरुस्त करून आणलंत. खाली आज्जीचं नाव, अ.पा.क. म्हणून. अज्ञान पालन कर्ता म्हणजे काय, तेही नऊ वर्षांच्या पोरीला समजावून सांगितलंत.

फी पाच रुपये. दरवेळी पाच रुपये, आणि दरवेळी पावती. फुकट केलं की पक्षकाराला दटावून विचारायची लाज वाटते, असं तुमचं म्हणणं. खरंच होतं ते. त्या पावत्यांच्या जोरावर आज्जी तुमच्या दारात ताठ मानेनं यायची, "माझ्या तारखेचं काय झालं?" म्हणून विचारायची. कुणाचे उपकार घेतोय असं तिला तुम्ही कधी वाटू दिलं नाही. साहेब, पैशापेक्षा हे मोठं होतं.

2002 साली तुमचा निरोप आला. माझी अठरा वर्षं कधी पूर्ण होतात ते तुम्ही दरसालच्या नव्या डायरीत उतरवून ठेवत होता! मला तर माझा वाढदिवसही धड माहीत नव्हता. अ.पा.क. शेरा कमी करायचा अर्ज तुम्हीच लिहिलात, सही मी केली. त्या दिवशी मात्र पाच रुपये घेतले नाहीत. "कमावती झाल्यावर दे," म्हणालात.

मी नोकरीला लागले, लग्न झालं, लेकरं झाली. दिवाळीला येऊन पाया पडून जायचे, पण ते पैसे काढायचे राहून गेले आणि तोंडानं आभार मानायचंही राहून गेलं. याची फार खंत वाटते.

तेराव्याला आले तेव्हा काकूंच्या हातात पाच रुपये ठेवले आणि सगळं सांगितलं. काकू आत गेल्या, तुमचं जुनं पावतीपुस्तक घेऊन आल्या. चष्मा लावला, माझं पूर्ण नाव विचारलं, आणि लिहून झाल्यावर पावती माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "बघ गं, वेलांटी बरोबर आहे का?"

तुमची लेक,
किल्लारी भागातली एक पक्षकार