सहा मुलांच्या वर्गाला टक्के लावू नका

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की शाळावार यादी निघते आणि आमच्यासारख्या अगदी कमी पटाच्या शाळा त्यात एकतर डोक्यावर असतात, नाहीतर तळाशी. कारण शिकवण्यात शोधलं जातं. बऱ्याचदा ते पटात असतं.

१० मुलं बसली, १ नापास झालं: निकाल ९० टक्के. पुढच्या वर्षी ६ बसली, २ अडकली: ६७ टक्के. शिक्षक तेच, पण कागदावर शाळा २३ टक्क्यांनी घसरली आणि खुलासा मागवला गेला. (शंभर टक्के लागला की सत्कार होतो. तोही तितकाच फुकटचा.)

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या शाळांचे गुण मांडून दाखवले. पाचवीच्या निकालात लहान शाळा वरच्या टोकाला प्रमाणाबाहेर होत्या, तशाच खालच्याही. फक्त वरचं टोक पाहून लहान शाळा काढण्यावर कोट्यवधी डॉलर ओतले गेले, असं त्यांचं म्हणणं. अकरावीत तर मोठ्या शाळाच पुढे होत्या. तिथे विषय जास्त शिकवता येतात. हे आम्हाला टोचतं, पण खरं आहे. गणित, विज्ञान आणि इतिहास एकाच शिक्षकाच्या गळ्यात पडला की काय होतं, ते आम्ही रोज पाहतो.

सामाजिक प्रवर्गांच्या तक्त्याचं तर विचारूच नका. पाच जणांच्या वर्गातलं एक मूल शाळा सोडून गेलं की एखाद्या समाजाचं प्रमाण २० टक्क्यांवरून शून्यावर येतं. त्यात गटवार निकाल छापला, तर त्या गटातल्या एकुलत्या मुलीचा निकाल चारचौघांत जाहीर होतो. अमेरिकेत २०१५ च्या कायद्यानुसार राज्यं किमान संख्या ठरवतात. गट त्याहून लहान असला तर त्याचा निकाल वेगळा दाखवत नाहीत.

आपणही एवढं करा. लहान शाळांसाठी टक्के नकोत, '६ पैकी ४' असं लिहा. तीन-चार वर्षांचे निकाल एकत्र धरा. एका-दोघांचा गट झाका, आणि बेरजेतून वजाबाकी करून तो उघडा पडणार नाही हेही पाहा.

आणि शाळा ठेवायची की बंद करायची हे ठरवताना दोन रकाने आधी भरून घ्या: पुढची शाळा किती लांब आहे, आणि आमच्याकडे विज्ञानाचा शिक्षक नेमलेला आहे का.

आपली विश्वासू,
कमी पटाच्या शाळेतील एक शिक्षिका