वठलेली झाडे तोडून जंगल वाचत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलंड-बेलारूस सीमेवरील बियावोविएझा जंगलावरचा आपल्या अंकातील लेख वाचला. छायाचित्रे सुरेख आहेत, बायसनचे (युरोपातल्या रानटी बैलाचे) कौतुकही झाले आहे. मात्र २०१६ नंतरची वृक्षतोड ‘कीड आवरण्यासाठी झाडे काढावी लागली’ एवढ्या एका वाक्यात उरकली आहे. ही तेव्हाच्या पोलिश सरकारची बाजू झाली. ती वस्तुस्थिती म्हणून छापली गेली, म्हणून हे पत्र.

ही कीड म्हणजे साल पोखरणारा भुंगेरा. तो तिथल्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडावर पूर्वापार आहे. धडधाकट झाड राळ सोडून त्याला परतवते. उन्हाळे कोरडे गेले, जमिनीतले पाणी खाली गेले की राळ कमी पडते आणि भुंगेऱ्याचे फावते. म्हणजे दुखणे पाण्याचे आणि करवत झाडावर! शिवाय हे एकजिनसी लागवडीचे रान नव्हे. ओक, लिंडेन, हॉर्नबीम, अ‍ॅश, पाइन अशी मिसळ तिथे आहे. स्प्रूस वाळला की खाली ऊन पोचते आणि इतर जातींची रोपे उसळी घेतात.

वठलेले झाड लाकूडतोड्याच्या हिशेबात वाया गेलेले. जंगलाच्या हिशेबात तसे नाही. तीन बोटांचा सुतारपक्षी त्याच सालीखालच्या अळ्यांवर जगतो, त्याने सोडलेल्या ढोलीत चिमुकली घुबडे राहतात, आडव्या पडलेल्या कुजक्या खोडावर अळंबी, शेवाळ आणि स्प्रूसचीच नवी रोपे रुजतात. या जंगलात अपृष्ठवंशी प्राण्यांच्या १२ हजारांहून अधिक जाती नोंदल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी या कुजणाऱ्या लाकडाच्या आश्रयाला आहेत. ओंडके ट्रकमध्ये भरून नेले की हे सगळे बिऱ्हाड उठते.

जंगल टिकले ते मुख्यतः राजांच्या शिकारीच्या हौसेमुळे. सोळाव्या शतकात बायसन मारणाऱ्याला देहदंडाची तरतूद होती. (प्रजेला फाशी, राजाला मेजवानी.) पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने इथे लाकडासाठी रेल्वे टाकली आणि १९१९ मध्ये इथला शेवटचा रानटी बायसन मारला गेला. प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या मोजक्या जनावरांपासून पैदास करून १९५२ मध्ये ते पुन्हा जंगलात सोडले. माणसांचा वारसाही इथे आहेच. जिवंत झाडाच्या खोडात उंचावर पोकळी कोरून मधमाश्या पाळण्याची या दोन्ही देशांतली परंपरा २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. जुने झाडच नसेल तर ती पोकळी कोरायची कशात?

लेखात न आलेली गोष्ट अशी की २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने तोड थांबवण्याचा आदेश दिला, तो न पाळल्यास दिवसाला किमान एक लाख युरो दंडाची तंबीही दिली आणि एप्रिल २०१८ मध्ये ही तोड युरोपीय कायद्याचा भंग ठरवली. निकाल लागला तोवर पुष्कळ जुनी झाडे गेली होती. आता २०२२ पासून सीमेवर साडेपाच मीटर उंचीचे पोलादी कुंपण उभे आहे आणि लिंक्ससारख्या (मोठ्या रानमांजरासारख्या) प्राण्यांची ये-जा अडली आहे.

१९७९ पासून जागतिक वारसा असलेल्या या जंगलाच्या पोलिश भागापैकी जेमतेम सहावा हिस्सा राष्ट्रीय उद्यानात आहे. उरलेल्या भागाचा कारभार बव्हंशी लाकूड विकणाऱ्या सरकारी वनखात्याकडे आहे. संपूर्ण जंगल उद्यानात घ्यावे, ही तिथल्या शास्त्रज्ञांची जुनी मागणी. पुढच्या लेखात तिला जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक