अर्ध्या तिकिटाचा हिशेब

सांगली,
२६ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना पाच महिने उत्तर दिले नाही, याबद्दल तू ज्या शिव्या घालशील त्या मला आगाऊ मान्य आहेत. प्रकृतीविषयी विचारशील म्हणून लिहितो : साखर आटोक्यात आहे, डाव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढला, मंगल बरी आहे. दिवाळी झाली. आता कामाचे लिहितो, कारण हे इथे कोणाला सांगावे असा माणूस उरलेला नाही, आणि ज्याला सांगायला हवे तो तूच आहेस.

११ तारखेला, शनिवारी, वाचनालयाच्या माडीवर सभा होती. सांगली जिल्ह्यासाठी स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरण असावे काय, आणि असलेच तर त्याचा खर्च कोठून करावा, हा विषय होता. मला बोलावण्याचे कारण उघड आहे. कोषागारात चौतीस वर्षे बिले तपासलेला मनुष्य व्यासपीठाच्या कडेला बसवला की खर्चाच्या बाजूचे बोलणे आपोआप होते. प्रास्ताविक एका तरुण वकील मुलीने केले आणि चांगले केले. २२ सप्टेंबर २००६ चा प्रकाश सिंह खटल्याचा निकाल, तो मागणारा याचिकाकर्ता स्वतः निवृत्त पोलीस महासंचालक असल्याची गंमत, याचिका १९९६ ची आणि निकाल दहा वर्षांनी, हे सारे तिने कागद न पाहता सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने राज्यासाठी एक आणि प्रत्येक जिल्ह्यासाठी एक असे प्राधिकरण सांगितले होते. आपल्या राज्याने २०१४ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती केली तेव्हा जिल्ह्याच्या जागी महसूल विभाग घातला. त्यामुळे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील माणसाला फौजदाराविरुद्ध तक्रार करायची तर पुण्याकडे पाहावे लागते. जिल्हा आणि विभाग या दोन शब्दांत सव्वादोनशे किलोमीटरचे अंतर आहे, असे ती म्हणाली. मी ते वाक्य वहीत टिपून घेतले आणि शेजारी सवयीने लाल शाईने ‘आर्थिक भार?’ असे लिहिले.

मग मी उठलो. काय बोललो ते तुला सांगताना लाज वाटते, कारण बोललो उत्तम. दाजीमामा हवालदार असताना स्वतःच्या पैशाने कार्बन पेपर विकत आणून पंचनामे करत असे, ते सांगितले. पोलीस वसाहतींतील गळके छत, गणपतीच्या दहा दिवसांचा अखंड बंदोबस्त, आणि २०१९ च्या महापुरात तुझ्या आईला माडीवरून नावेत उतरवून घेणारा तो छातीभर पाण्यातला हवालदार, हे सगळे सांगितले. (तुझ्या आईचे नाव घेतले नाही, तिने वरून माझा कान धरला असता.) मग हिशेब मांडला. अध्यक्ष म्हणून निवृत्त जिल्हा न्यायाधीश, सदस्य म्हणून निवृत्त पोलीस अधिकारी, समाजातील एक प्रतिष्ठित व्यक्ती, त्यांची मानधने, कार्यालय, लघुलेखक, वाहन, चालक, शिपाई. आणि हे सारे जिल्ह्याजिल्ह्यात. ज्या खात्याला छप्पर दुरुस्तीला पैसे पुरत नाहीत, त्याच्यावर पहारा ठेवायला आणखी एक खाते उभारायचे काय, असे मी विचारले. पहिल्या रांगेतल्या दोन निवृत्त फौजदारांनी टाळ्या वाजवल्या. ‘लाक्षणिक तरतूद करून लेखाशीर्ष उघडून ठेवा, बाकीचे पुढे पाहू’ हा माझा विनोदही खपला. अंदाजपत्रकात नावाला हजार रुपये टाकून उघडलेली अशी किती लेखाशीर्षे, म्हणजे खर्चाची खाती, मी वर्षानुवर्षे रिकामी पाहिली आहेत, हे मला माहीत असूनही तो मी केला.

सभा संपल्यावर जिन्यात एक बाई थांबल्या होत्या. पंचेचाळीसच्या असतील, जत तालुक्यातील, नाव लिहीत नाही. हाताच्या बोटांना रंग लागलेला होता. सध्या द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी चालू आहे आणि छाटलेल्या काड्यांच्या डोळ्यांना पेस्ट लावायचे काम या बायका करतात, तो रंग दोन-दोन दिवस जात नाही. मला म्हणाल्या, “सायेब, तुमी हिशेबातलं मानूस न्हवं? मग माझा बी येक हिशेब करून द्या.” आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एसटीच्या तिकिटांची गुंडाळी काढली. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला शेतातल्या पंपाच्या केबलच्या चोरीच्या संशयावरून ठाण्यात नेले होते. केबल पुढे भलत्याकडेच सापडली. मुलगा दोन दिवसांनी परत आला तो डाव्या कानाने बहिरा होऊन. त्या चार वेळा पुण्याला जाऊन आल्या आहेत. दोन खेपांना समोरचा मनुष्यच हजर नव्हता.

मी विचारले, एकट्याच का जाता, नवरा येत नाही का? बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मला शाळेतले गणित चुकल्याचे आठवले. “त्येंचं पुरं तिकीट पडतंय न्हवं,” त्या म्हणाल्या. “माझं अर्धं.”

सुधाकर, २०२३ च्या मार्चपासून आमच्याकडे एसटीत बायकांना निम्मे तिकीट आहे. पोलिसांवरच्या नागरी देखरेखीसाठी शासनाने या बाईंच्या हातात प्रत्यक्ष ठेवलेले आर्थिक साहाय्य ते एवढेच, आणि तेही दुसऱ्याच खात्याच्या योजनेतून, चुकून. मी व्यासपीठावरून ज्या खर्चाला नको म्हणालो तो खर्च टळलेला नव्हताच. तो चालूच होता, माझ्यासमोर जिन्यात, रबर लावलेल्या गुंडाळीत. फक्त तो कोणत्याही लेखाशीर्षाखाली येत नव्हता म्हणून चौतीस वर्षांत माझ्या टेबलावर कधी आला नाही.

घरी येऊन दोन रात्री वाचत बसलो. मंगल म्हणाली, निवृत्तीनंतर मार्च एंड सुरू झाला की काय. त्या वकील मुलीने एक गोष्ट वेळेअभावी सोडली होती, ती मला सापडली आणि माझ्यातला जुना तपासनीस जागा झाला. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, कोठडीत, व्हरांड्यात, आतबाहेरच्या दारांवर आवाजासह चित्रण करणारे आणि रात्री दिसणारे कॅमेरे बसवायला सांगितले, आणि चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी, राखायला सांगितले. पैसे मिळवणे हे राज्याच्या समितीचे काम म्हणून नेमून दिले. जिल्ह्यात देखरेखीला दुसरी समिती, तिच्यात जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि लोकांच्या वतीने महापौर किंवा जिल्हा परिषदेचा प्रमुख. आता तू इथला, तुला समजेल : आमच्या जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली, महापालिकेची २०२३ च्या ऑगस्टमध्ये, आणि तेव्हापासून दोन्हीकडे प्रशासक आहेत. म्हणजे त्या समितीत निवडून आलेल्या माणसासाठी जी एकमेव खुर्ची आहे, तिच्यावर बसायला निवडून आलेला मनुष्यच नाही. अधिकाऱ्यांवर अधिकाऱ्यांचीच देखरेख. या सप्टेंबरात न्यायालयाला बंद कॅमेऱ्यांची दखल पुन्हा स्वतःहून घ्यावी लागली, यात नवल कसले?

बाईंच्या मुलाच्या बाबतीतही चित्रण हाच प्रश्न आहे. घटनेला दहा महिने होत आले. वर्षाची मुदत धरली तरी घड्याळ चालू आहे, आणि चित्रण राखून ठेवा असा लेखी अर्ज वेळेवर करायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. तो अर्ज मी १३ तारखेला लिहून दिला. माझ्या आयुष्यातला हा पहिला अर्ज, ज्यात मी पैसे मंजूर करू नयेत असे कुठेही लिहिलेले नाही.

तुझा तो एक टक्का आठवला. तू फोनवर तावातावाने सांगत होतास : तुमच्या शिकागोत २०१४ साली सतरा वर्षांच्या मुलावर पोलिसाने सोळा गोळ्या झाडल्या, गाडीतल्या कॅमेऱ्याचे चित्रण लोकांपुढे यायला तेरा महिने लागले, आणि मग २०१६ च्या ऑक्टोबरात महापालिकेने जुनी चौकशी संस्था मोडून नवी उभारताना तिला पोलीस खात्याच्या अंदाजपत्रकाच्या, बाहेरून येणारी अनुदाने वगळून, किमान एक टक्का मिळालाच पाहिजे असे नियमातच लिहून ठेवले. मी तेव्हा म्हणालो होतो की टक्क्याने बांधलेली तरतूद म्हणजे डोळे मिटून केलेली सही. गरज पाहावी, मागणी तपासावी, मगच पैसे द्यावेत. तू मला ‘त्रुटी’ म्हणालास आणि फोन ठेवलास. दीड वर्ष आपण बोललो नाही. माझा मुद्दा अजूनही पुस्तकी अर्थाने बरोबर आहे. पण दर वर्षी मागणी तपासणारा हात ज्याच्यावर देखरेख ठेवायची त्याच्याच मंत्रालयातला असेल, तर दर वर्षी थोडे थोडे आवळता येते आणि कोणाच्याही सहीने काहीच नाकारले जात नाही. हे मला कळायला हवे होते. मी स्वतः तसे आवळलेले आहे, शिष्यवृत्तीच्या बिलांवर, शिक्का मारून.

दाजीमामाची बाजू मी अजूनही सोडलेली नाही, हेही लिहून ठेवतो, नाहीतर तू लगेच विजयोत्सव करशील. मामा म्हणत असे, “साहेब मार असे सांगत नाही, उद्या सकाळपर्यंत मुद्देमाल आण, असे सांगतो.” त्या एका वाक्यात आतला सगळा कारभार आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात आपल्या गावात जे झाले, कोठडीत मेलेल्या तरुणाला पळून गेला म्हणून दाखवून आंबोलीच्या घाटात नेऊन जाळले, तेव्हा मामा हयात होता. त्याने दोन दिवस अन्न घेतले नाही, आणि तिसऱ्या दिवशी खाकीचा जुना पट्टा ट्रंकेतून काढून बोहारणीला दिला. तेव्हाही मला वाटले होते की हे चारदोन माणसांचे पाप आहे, याला स्वतंत्र कार्यालय कशाला.

आता ते. मी ही पाने फिरवून फिरवून तिकडेच येत आहे, हे तुझ्या लक्षात आले असेल. १९८७ ची ती रात्र, डायनामोच्या चोरीची. मला हवालदाराचा भाचा म्हणून अर्ध्या तासात सोडले आणि तुला सकाळपर्यंत ठेवले. मी मामाकडे गेलो होतो पण तो बाहेरगावी होता, असे मी तुला सांगितले, आणि तू अडतीस वर्षे ते मान्य केलेस. मामा घरीच होता. मी गेलो नाही. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो, कारण इतक्या रात्री मामाला उठवले तर तो मलाच झोडेल अशी भीती वाटली. सकाळी तू बाहेर आलास, चप्पल हातात धरून चाललास आणि म्हणालास, “पायाला मुंग्या आल्यात.” आपण विलिंग्डन कॉलेजपर्यंत चालत गेलो. वाटेत तू एकदाही थांबला नाहीस. त्यानंतर त्या रात्रीचा विषय निघाला नाही, आणि तू ९१ साली निघून गेलास तेव्हा मी मनातून सुटकेचा श्वास टाकला होता. जिन्यात त्या बाई मुलाचा कान दाखवायला स्वतःच्या कानाला हात लावत होत्या, तेव्हा मला तुझ्या हातातल्या चपला दिसल्या. माफी मागण्याची पद्धत मला येत नाही. हे लिहून ठेवले आहे, तू काय करायचे ते कर.

हिशेब मी केला आहे. कोषागारी नमुन्यात केला, दुसरे काही येत नाही. चार खेपांची तिकिटे, आठ दिवसांची बुडालेली मजुरी (ती ऐन छाटणीतली, म्हणजे एरवीपेक्षा जास्त), पुण्यात एका रात्री बहिणीकडे राहता आले नाही म्हणून स्टँडवर काढलेली रात्र (दर शून्य), कानाच्या तपासणीच्या पावत्या, झेरॉक्स. तीन तिकिटे हरवली आहेत. जुन्या सवयीने मी तिथे ‘प्रमाणक नाही, त्रुटी’ असे लिहिले, मग खोडले, मग पुन्हा लिहिले, कारण खोटा हिशेब त्यांच्याच अंगाशी येईल. वकील मुलीने तो कागद सभेच्या ठरावाला जोडायचे ठरवले आहे. ठराव जिल्हा नियोजन समितीकडे जाईल. तिच्यातून पोलिसांना गाड्या आणि कॅमेरे मिळतात, तर त्यांच्याविरुद्धची तक्रार ऐकायला जिल्ह्यात एक खोली आणि महिन्यातून दोन बैठकांचा खर्च का मिळू नये, अशी मागणी मी स्वतः मसुद्यात घातली. पहिल्या रांगेतले ते फौजदार आता रस्त्यात भेटले की नमस्कार करत नाहीत.

तुझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे वाचले. आता जिने चढू नकोस. रियाला नोकरी लागल्याचा आनंद झाला. वहिनींनी पाठवलेली औषधे मिळाली, त्यांना नमस्कार सांग. चिवड्याचे पार्सल कस्टममध्ये अडकले असल्यास मी जबाबदार नाही.

एक काम कर. त्या एक टक्क्याचे मूळ कलम शोधून वाक्य जसेच्या तसे पाठव, तुझे भाष्य न जोडता. मसुद्यात मला ते मराठीत घ्यायचे आहे आणि फोनवर ऐकलेल्यावर मी सही करत नाही, हे तुला माहीत आहेच.

पुढची तारीख गुरुवारी आहे. त्या बाईंबरोबर मी जाणार आहे. पहाटे साडेपाचची गाडी. माझे वय अजून एकसष्ट, म्हणून पूर्ण तिकीट.

तुझा,
त्रुटी